आठ मऊ, सात कडक

वायले, ६ ऑक्टोबर

आई,

तू तीनदा फोन ठेवलास. चौथ्यांदा बाबांनी उचलला आणि "ती अंगणात आहे" म्हणाले. मागून तुझा आवाज येत होता, "सांगा, अंगणात आहे." म्हणून लिहिते आहे.

मुद्दे क्रमाने मांडते.

पहिला. २६ सप्टेंबरला आपल्या राउनकेर गावच्या सभागृहात अन्नतपासणीची बाई आली. तिला मी बोलावलं नव्हतं. त्या खात्यात माझ्या ओळखीचं कोणी नाही. मी वजनकाटे तपासते. औषधाच्या दुकानातला, सोनाराचा, कारखान्यातला काटा खरं सांगतो की नाही हे बघणं एवढंच माझं काम. केकमध्ये जंतू किती हे मला कळत नाही. सभागृहाचा फ्रिज दोन अंश गरम निघाला आणि तपासणीवाले दारावर चिकटवतात त्या हसऱ्या चेहऱ्याच्या जागी सरळ तोंडाचा चेहरा चिकटवला गेला, याचं मला वाईट वाटतं. पण फ्रिज मी गरम केलेला नाही.

दुसरा. पिशव्या. १५ सप्टेंबरला, तुझ्या पासष्टाव्या वाढदिवसाची कॉफीची पंगत आटोपल्यावर, एल्फ्रिडा आजींना कोट घालायला मदत करताना माझ्या पर्सचा पट्टा तुटला आणि नऊ प्लास्टिकच्या पिशव्या जमिनीवर पडल्या. प्रत्येकीत केकचा एक तुकडा होता. प्रत्येकीवर चिठ्ठी होती: केकचं नाव, करणारीचं नाव, तारीख, ग्रॅममध्ये वजन. हे सगळं खरं आहे. "थिरा कॅलेसन, रास्पबेरीची वडी, ६२.३" ही पिशवी खुद्द थिराबाईंच्या बुटाला टेकून थांबली, हेही खरं आहे. त्या सभागृहाच्या अध्यक्षा आहेत हे माझ्या लक्षात होतं. पट्ट्याच्या नव्हतं.

मी पुरावा गोळा करत नव्हते. पिशव्या ऑफिसातल्या आहेत आणि चिठ्ठी लावणं ही माझी सवय आहे. माझ्या घरी मिठाच्या बरणीवरसुद्धा तारीख आहे.

तिसरा. सात मऊ आणि सात कडक, असे पंगतीत केक-बिस्किटांचे चौदा प्रकार असतात. पाहुण्याने एकही चुकवायचा नसतो, कारण जो चुकवाल तो करणारी बाई समोरच बसलेली असते. हे मला तूच शिकवलंस, मी पाच वर्षांची असताना. त्या दिवशी मी पाच प्रकार खाल्ले आणि नऊ लपवले, कारण माझं पोट बिघडलं होतं. बाकी काही नाही.

हे पत्र थिराबाईंना दाखवायला माझी हरकत नाही.

माइकेन


वायले, २७ ऑक्टोबर

बाबा,

पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण आई माझी पत्रं उघडत नाही आणि तुम्ही उघडता. परवा तुम्ही गॅरेजमधून फोन केलात त्यातलं मला नीट ऐकू आलं नाही. तुम्ही कुजबुजत होतात आणि गाडी चालू होती. जे कळलं ते लिहून ठेवलं आहे. चूक असेल तर दुरुस्त करा.

तुम्ही म्हणालात, "ती म्हणते, पोरीला काहीतरी मोठं झालंय आणि ती लपवतेय."

मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही."

"मग पोट?"

"पोट ठीक आहे."

"पत्रात तर लिहिलंयस, बिघडलं होतं."

"तुम्ही पत्र उघडलंत?"

"मी नाही. पावाच्या डब्यामागे ठेवलं होतं. पाव काढताना आपोआप उघडलं."

मग तुम्ही सांगितलंत की तुम्ही ते मोठ्याने वाचलंत. आई ऐकत नव्हती, म्हणजे तिने मिक्सर चालू केला. "पोट बिघडलं होतं" या वाक्यापाशी मिक्सर बंद झाला. त्या रात्री ती जेवली नाही.

हे मला अपेक्षित नव्हतं. मी ते वाक्य विषय मिटावा म्हणून लिहिलं होतं.

दुसरी गोष्ट तुम्ही फार घाईत सांगितलीत, पण तीच मोठी आहे. थिराबाईंनी आईची रविवारची पाळी काढून घेतली. एकोणतीस वर्षं सभागृहातल्या पंगतीला काळ्या पावाचा, मुरंबा भरलेला केक आईचा असायचा, आणि आता तो थिराबाई स्वतः करतात. कारण काय दिलं, तर "जिच्या घरात तपासणीवाली आहे तिने थोडे दिवस विश्रांती घ्यावी." आणि आई रविवारी दुपारी दोन वाजता कोट घालते, बूट घालते आणि खुर्चीवर बसून राहते.

बाबा, मला कॅन्सर नाही. अल्सर नाही. कुठलाही आजार मी लपवत नाही. हे आईला सांगा, मिक्सर बंद असताना. मी औषध घेते, डॉक्टरांनी लिहून दिलेलं, आणि त्यामुळे मला कमी खावंसं वाटतं. पंगतीच्या दिवशी माझं वजन १०३.४ होतं. मार्चमध्ये ११८.६ होतं. तुम्ही दोघांनीही ते ओळखलं नाही, कारण मी मुद्दाम जुना कोट घालून आले होते आणि तो काढला नाही.

यापेक्षा जास्त सांगण्याची गरज मला वाटत नाही.

माइकेन


वायले, १७ नोव्हेंबर

आई,

बाबांनी कळवलं की मागचं पत्र तू स्वतः वाचलंस, चष्मा लावून, उभ्याने. आणि म्हणालीस, "माझा केक म्हणजे काय रोग आहे, त्यावर औषध घ्यायला?"

तेव्हा जास्त सांगण्याची गरज आहे.

फेब्रुवारीत मला एका पशुखाद्याच्या गिरणीत कोठाराचा काटा तपासायला पाठवलं. वर चढायला शिडी होती आणि शिडीवर पाटी होती: जास्तीत जास्त १३० किलो. माझ्या हत्यारांची पिशवी १४ किलोंची. बेरीज १३२.६. गिरणीतला माणूस म्हणाला, "अहो, एवढं कोण बघतं? चढा बिनधास्त." मी चढले नाही. एवढं बघण्याचाच मला पगार मिळतो. दुसऱ्याला पाठवायला सांगितलं आणि गाडीत बसून राहिले. सोमवारी डॉक्टरांकडे गेले.

याआधी मी काय काय केलं ते तुला माहीत आहे, कारण दरवेळी तूच म्हणायचीस, "नुसत्या कोबीवर माणूस जगतो का?" सहा वेळा वजन उतरवलं आणि सहा वेळा परत आलं, दोनदा व्याजासकट. डॉक्टर म्हणाल्या की हा इच्छाशक्तीचा प्रश्न असता तर एव्हाना सुटला असता.

औषध असं आहे. जेवल्यावर आतडं मेंदूला एक निरोप पाठवतं: पुरे. माझ्याकडे तो निरोप पोचायच्या आत मी तिसरा तुकडा घेतलेला असे. हे औषध त्या निरोपाची नक्कल आहे. खरा निरोप काही मिनिटांत विरतो, हा आठवडाभर टिकतो. शिवाय पोट सावकाश रिकामं होतं. आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली, पेनासारख्या सुईने घ्यायचं. सुई इतकी बारीक असते की पहिल्यांदा ती टोचली की नाही हे मी दोनदा तपासलं. अगदी थोड्या मात्रेने सुरुवात करायची आणि दर महिन्याला डॉक्टरांना विचारून वाढवायची. प्रत्येक वाढीला मळमळ. एप्रिलमध्ये मी एका सोनाराच्या दुकानात काट्यावर मोठी ढेकर दिली आणि काटा ०.०२ ने हलला. बद्धकोष्ठतेबद्दल लिहीत नाही, कारण बाबा मोठ्याने वाचतात.

ही जादू नाही. मला चालावं लागतं, वजनं उचलावी लागतात, मासे आणि दही आठवणीने खावं लागतं, कारण आता खाणं विसरायला होतं. औषध थांबवलं तर भूक परत येईल, असंही डॉक्टरांनी सांगितलं आहे.

पण मला जे सांगायचं आहे ते वेगळं. माझ्या डोक्यात उठल्यापासून एक यादी चालू असे: डब्यात काय आहे, कपाटात काय आहे, कोणी बघत नसताना त्यातलं किती घेता येईल. मला वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात ती चालते आणि बाकीचे शहाण्यासारखं वागतात. पाचव्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी तीन वाजता, मी एका काट्यापाशी उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की मी फक्त काटा बघते आहे. यादी बंद होती. मी कामाची वही मिटली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. रडले वगैरे नाही. बसले.

आता पिशव्या. पंगतीत मी पाच प्रकारांनंतर भरून गेले. नऊ उरले होते आणि नऊ बायका बघत होत्या. मी एकेक तुकडा रुमालात घेत गेले आणि स्वच्छतागृहात जाऊन पिशवीत भरत गेले. खिशातल्या छोट्या काट्यावर वजन केलं, कारण मी काय खाल्लं याची नोंद ठेवायची असते आणि खाल्लेल्याचं वजन न खाल्लेल्यावरून निघतं. चार फेऱ्या झाल्या. थिराबाईंनी विचारलं, "पोरी, बरं आहे ना?" मी म्हटलं, "कॉफी फार झाली." फेकायचे नव्हते ते. रोज एक याप्रमाणे नऊ दिवसांत खाणार होते. कोणाचा कुठला ते विसरू नये म्हणून नावं घातली.

तुला आधी का सांगितलं नाही, तर गेल्या वर्षी टीव्हीवर असाच एक माणूस आला होता आणि तू सोफ्यावरून म्हणालीस, "सुई टोचून बारीक होतात, लबाड मेले." बाबांची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी तू स्वतः बशीत काढून ठेवतेस. ती लबाडी नसेल तर ही कशी, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी दुसरा तुकडा घेतला.

हे सगळं तुझ्यासाठी आहे, सभागृहासाठी नाही. माझ्या पोटात कधी काय जातं हे राउनकेरला कळण्याचं कारण नाही.

माइकेन


वायले, १ डिसेंबर

प्रति
अध्यक्षा, सभागृह समिती, राउनकेर

थिराबाई,

काल बाबांनी सांगितलं की नाताळच्या पंगतीच्या यादीत माझ्या आईचं नाव चौदातल्या एकाही प्रकारासमोर नाही. त्यामुळे मी माझं आधीचं मत बदलून हे पत्र लिहिते आहे. ते बैठकीत वाचून दाखवावं, पूर्ण, आणि मध्ये शेरे न मारता.

मी, माइकेन, गुनहिल्ड आणि येस यांची मुलगी, कळवते की अन्नतपासणी खात्याशी माझा संबंध नाही. १५ सप्टेंबरला माझ्याकडे सापडलेले केकचे नऊ तुकडे मी तपासायला नेत नव्हते. मी मार्चपासून भूक कमी करणारं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घेते. त्यामुळे मला चौदा प्रकार खाणं शक्य नव्हतं आणि तसं सांगण्याचं धैर्य नव्हतं. समितीने दोन्ही कारणांची नोंद घ्यावी.

माझ्या आईला यातलं काहीही माहीत नव्हतं. ती तपासणीवालीची आई नाही. ती फक्त माझी आई आहे, आणि त्याबद्दल तिला शिक्षा होऊ नये.

जाता जाता, फ्रिजबद्दल. त्याच्या मागची जाळी धुळीने भरली आहे. ब्रशने साफ केलीत तर दोन अंशांचा प्रश्न सुटेल. हे मी पंगतीच्या दिवशीच पाहिलं होतं, पण बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

आपली,
माइकेन


वायले, २० जानेवारी

आई,

काल पंगतीत जे झालं त्यातलं निम्मं तुला कळलं नसेल, कारण तू पूर्ण वेळ सभागृहाच्या स्वयंपाकघरात होतीस आणि वाढायची खिडकी फक्त किटली सरकवण्यापुरती उघडत होतीस. कोणाचं ऐकून राग धरायचा तर निदान नीट वृत्तांतावर धर.

थिराबाईंनी मला बोलावलं ते माझं पत्र वाचून. दारातच म्हणाल्या, "ये, बस. पर्स बाहेरच ठेवलीस ना?"

मी म्हटलं, "गाडीत आहे."

एल्फ्रिडा आजींनी मला खालून वर पाहिलं. एक्क्याऐंशीव्या वर्षी त्या ते फार सावकाश करतात. "सुई आणलीयेस?"

"नाही आजी. ती घरी, फ्रिजमध्ये असते."

"तेच बरं. आमच्या फ्रिजात नको हो. तो दोन अंश गरम आहे म्हणे."

सगळ्या हसल्या. थिराबाई हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "जाळी साफ केली आम्ही." दारावर पुन्हा हसरा चेहरा आहे, तो मी येतानाच पाहिला होता.

मग प्रश्न सुरू झाले. दुखतं का? दारू चालते का? जावयाला मिळेल का? मी म्हटलं जावयाने डॉक्टरांकडे जावं, सासूने पाठवलं म्हणून देत नाहीत. एक बाई म्हणाल्या, "म्हणजे तुला समोर एवढं दिसतंय आणि काहीच होत नाही?" मी म्हटलं, "छान दिसतंय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी चर्चमध्ये टोपी घालून बसले आहे.

नियमाचा प्रश्नही निघाला. थिराबाईंनी निर्णय दिला की पाहुण्याने सगळं चाखायचं असं ठरलेलं आहे, किती ते ठरलेलं नाही. मला चमचाभर चालेल. हे इतकं सोपं होतं हे कळल्यावर मला सप्टेंबरमधल्या चार फेऱ्या आठवल्या.

आणि मग एल्फ्रिडा आजींनी टेबल मोजलं. त्या दरवेळी मोजतात. थांबल्या, परत मोजलं. "आठ मऊ, सात कडक," म्हणाल्या. "हे काय आहे? जर्मनांच्या राज्यात आपल्या गाण्यांना बंदी होती आणि लोक केकच्या टेबलाभोवती ती चोरून म्हणायला जमत, तेव्हासुद्धा कोणी असं टेबल लावलं नसेल."

काळ्या पावाचे केक दोन होते. एक तुझा, कारण तुला पाळी परत दिली होती. एक थिराबाईंचा, कारण चार महिने केल्यावर त्यांना तो सोडवत नव्हता.

"मी का मागे घेऊ?" थिराबाई म्हणाल्या. "लोकांनी नावाजलाय. विचारा कोणालाही."

कोणालाही विचारून उपयोग नव्हता. एक तुझी शेजारीण, एक त्यांची विहीण, एकीचा नवरा बाबांबरोबर दुधाचा टँकर चालवायचा. त्यातल्याच एक म्हणाल्या, "मला काय विचारता, मी सकाळपासून उपाशी आहे. मला आत्ता पुठ्ठाही गोड लागेल."

तेव्हा एल्फ्रिडा आजींनी माझ्याकडे बोट केलं. "हिला सांगू दे. हिला भूकच नाही. आपण सगळ्या भुकेच्या बाजूने बोलतो."

मी म्हटलं, "मी यात पडू शकत नाही. त्यातली एक माझी आई आहे."

आणि खिडकी उघडली, तू किटली सरकवलीस आणि म्हणालीस, "सांगू दे. काटे तपासते ना ती." चार महिन्यांत तुझ्या तोंडून माझ्याबद्दल ऐकलेलं ते पहिलं वाक्य. ते तू माझ्याकडे न बघता बोललीस.

मी दोन्ही चाखले. मध्ये पाणी प्यायले. पुन्हा चाखले, उलट्या क्रमाने.

तुझ्यात ब्लॅककरंटचा मुरंबा फार गोड आहे. त्यामुळे काळ्या पावाची चव दबते. थिराबाईंचा पाव जरा जास्त भाजलेला आहे आणि मुरंबा आंबट आहे, म्हणून दोन्ही कळतात. त्यांचा केक जास्त चांगला आहे. मी तसं सांगितलं.

खोटं बोलता आलं असतं, हे मला माहीत आहे. बाजूला बसलेल्या बाईंनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला होता, त्याचा अर्थही कळला होता. पण सप्टेंबरमध्ये मी सगळ्यांना बरं वाटावं म्हणून नऊ तुकडे लपवले, ऑक्टोबरमध्ये तुला बरं वाटावं म्हणून पोटाचं खोटं लिहिलं, आणि त्याचं काय झालं ते आपण दोघी बघतो आहोत.

खिडकी बंद झाली. थिराबाई जिंकल्यावर एकदम मवाळ झाल्या. म्हणाल्या, "गुनहिल्डने लोण्याचे पाव करावेत. तिचे पाव छान होतात." सगळ्यांनी माना हलवल्या आणि कोणीही कोणाकडे पाहिलं नाही. लोण्याचे पाव करायचं काम सगळ्यात नवख्या सुनेला देतात हे मलाही माहीत आहे. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा तू मागच्या दाराने गेली होतीस.

तुझी पाळी मिळावी म्हणून मी माझ्या पोटाची कथा साऱ्या गावाला सांगितली, आणि सात आठवड्यांनी ती पाळी स्वतःच घालवली. याला काय म्हणावं ते मला कळत नाही. मी रविवारी फोन करेन. अंगणात असलीस तर तसं सांग.

माइकेन


वायले, ९ फेब्रुवारी

आई,

तुझं कार्ड मिळालं. पाच महिन्यांनी आलेलं पहिलं. त्यावर तारीख नाही, नाव नाही, फक्त दोन प्रश्न आहेत, क्रमांक घालून. ते मी किती वेळा वाचलं हे लिहीत नाही.

बाबांकडून कळलं की गेल्या पंधरा दिवसांत तू अकरा केक केलेस आणि ते सगळे त्यांनी खाल्ले. ते म्हणाले, "तिला सांग आता निकाल दे, माझा पट्टा शेवटच्या भोकावर आला." थिराबाईंना तू भर दुकानात म्हणालीस म्हणे, "मार्चच्या पंगतीत बघू." लोण्याचे पाव तू केलेले नाहीस, हेही कळलं.

प्रश्न पहिला: मुरंब्यात साखर नेमकी किती जास्त?

किलोभर फळाला तू साडेआठशे ग्रॅम घालतेस. साडेपाचशे घाल, आणि पाव दोन मिनिटं जास्त भाज. अंदाज आहे, पन्नास ग्रॅम इकडेतिकडे होईल. एकोणतीस वर्षं तुला हे कोणी सांगितलं नाही याचं तुला आश्चर्य वाटतं, असं बाबा म्हणाले. कोण सांगणार? मी तुझ्या समोर बसून तो वीस-पंचवीस वर्षं खाल्ला आणि मलाच कळलं नव्हतं.

प्रश्न दुसरा: मग लहानपणी तिसरा तुकडा का मागायचीस?

याचं उत्तर मी तीन आठवडे टाळते आहे, म्हणजे तू विचारायच्या आधीपासून. तिसरा तुकडा भुकेने मागितला. दुसराही. तिथे केकऐवजी दुसरं काही असतं तरी मागितलं असतं. पहिल्याबद्दल मला सांगता येत नाही. तेव्हा माझ्याकडे मोजायचं साधनच धड नव्हतं, आणि बिघडलेल्या काट्यावरचा आकडा मी कुठल्याच कागदावर सही करून देत नाही.

पण १९ जानेवारीबद्दल सांगू शकते. वृत्तांतात एक गोष्ट मी गाळली होती.

निकाल दिल्यावर माझ्यापुढे दोन बशा होत्या. थिराबाईंचा केक मी दोन चमचे खाल्ला होता. चांगला होता. ती बशी मी सरकवली. तुझा तितका चांगला नव्हता. तो मी संपवला, पूर्ण तुकडा. पंचेचाळीस मिनिटं लागली. बायका गाणी म्हणून उठल्या, टेबल आवरलं, खुर्च्या उलट्या करून ठेवल्या, आणि एल्फ्रिडा आजी कोट घालून माझ्यासाठी थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अजून खातेस? तुला भूक नसते ना?"

मी म्हटलं, "नाहीये."

माइकेन